दफ्तर भरून जाते तेव्हा



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला निमंत्रण दिले, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, हा युनियनचा मनुष्य आहे, बोनस, टाळेबंदी किंवा कंत्राटी कामगार यांपैकी कशावर तरी बोलेल. आम्ही विषय कळविला तो लहान धंद्यातल्या सर्व्हरच्या भरत जाणाऱ्या डिस्कचा. चिटणीस क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, 'साहेब, या विषयाला लोक येतील ना?' लोक आले आहेत हे आम्हांला दिसते आहे, आणि त्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती गावातल्या चार लोकांनी एकत्र बसून आपल्या आयुष्याशी संबंध असलेल्या गोष्टींचा विचार करावा म्हणून. आजच्या आयुष्यातली एक गोष्ट अशी आहे की, आपल्या गावातले वाण्याचे दुकान, छापखाना, दवाखाना, पतसंस्था, शाळा आणि वीसपंचवीस माणसांचा कारखाना, या सर्वांचे दफ्तर आता कपाटात राहिलेले नाही. ते टेबलाखाली धूळ खात घरघरणाऱ्या एका पेटीत गेले आहे. त्या पेटीला सर्व्हर म्हणतात. तिच्यात काय आहे हे मालकाला पुरते ठाऊक नसते, कारकुनाला थोडे ठाऊक असते, आणि कामगाराला तर ती पेटी कोठे आहे हेही ठाऊक नसते. परंतु त्या कामगाराची हजेरी, त्याचा पगार आणि त्याच्या नोकरीची वर्षे त्याच पेटीत असतात. म्हणून हा विषय आमचा आहे.

आम्ही काही इंजिनियर नव्हे. आमचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. पुढे जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात, आणि रात्री हाती लागेल ते पुस्तक वाचून. तेव्हा तज्ज्ञांच्या चार गोष्टी आमच्या तोंडून सोप्या होऊन येतील. त्या चुकीच्या होऊ नयेत एवढी काळजी आम्ही घेतली आहे.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतो. आमच्या भागातला एक लहान कारखाना. साल २०१४. हजारांहून कमी कामगार असलेल्या कारखान्यात सात तारीख उलटण्यापूर्वी पगार झाला पाहिजे, असे १९३६ चा वेतन कायदा सांगत असे. सहा तारखेला संध्याकाळी हिशेबनिसाने पगारपत्रक काढावयास घेतले, तो यंत्र म्हणाले, जागा नाही. डिस्क काठोकाठ भरली होती. मालक परगावी. यंत्रदुरुस्तीचा मनुष्य फोन घेईना. बाहेर ऐंशी माणसे पगाराची वाट पाहत आहेत. त्या बिचाऱ्याने काय करावे? त्याने बॅकअपच्या मोठमोठ्या प्रती पुसल्या, आणि त्याच झपाट्यात 'जुने' असे नाव असलेला एक फोल्डरही पुसला. जागा झाली. पगार झाला. सर्वांनी त्याची पाठ थोपटली. आम्हीसुद्धा थोपटली, हे कबूल केले पाहिजे.

तीन वर्षांनी, २०१७ साली, त्या कारखान्यातला एक फिटर निवृत्त झाला. ग्रॅच्युइटीचा प्रश्न निघाला. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे दर पुऱ्या वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, आणि सेवा सलग मानण्यासाठी वर्षात २४० दिवस भरलेले दाखविणे, असा हिशेब होता. फिटर म्हणे, मी १९९६ पासून येथे आहे. कारखान्याचे दफ्तर म्हणे, तुमचे नाव २०११ पासून दिसते. मधली पंधरा वर्षे गेली कोठे? कागदी मस्टर स्कॅन करून रद्दीत घातले होते. स्कॅन केलेली पाने 'जुने' नावाच्या फोल्डरात होती. त्यांची दुसरी प्रत बॅकअपमध्ये होती, आणि बॅकअप त्याच डिस्कवर होता. दोन्ही एकाच संध्याकाळी, एकाच हाताने पुसले गेले होते.

मालक लबाड नव्हता. आमचे त्याच्याशी अनेकदा भांडण झाले आहे, तरी हे सांगितले पाहिजे. तो हात जोडून म्हणाला, 'तुम्ही म्हणता ते खरे असेल, पण मी कशावरून मान्य करू?' मग तो वृद्ध फिटर दुसऱ्या दिवशी घरून एक पत्र्याची ट्रंक घेऊन आला. तीत सुतळीने बांधलेल्या पगाराच्या पावत्या आणि प्रॉव्हिडंट फंडाच्या चिठ्ठ्या होत्या, वर्षावर्षाचे जुडगे, १९९६ पासूनचे. ते पाहिल्यावर मालकाने एक शब्दही न बोलता हिशेब मान्य केला. आम्ही काकांना विचारले, 'एवढे सांभाळून ठेवावे असे तुम्हांला का वाटले?' ते म्हणाले, 'आई सांगायची, कागद टाकू नये.' लाखभर रुपयांच्या यंत्राला जे जमले नाही ते एका अडाणी म्हातारीच्या शिकवणीने केले.

या गोष्टीतला खरा बोध तर पुढेच आहे. त्यानंतर एका जाणत्या माणसाला आम्ही तो सर्व्हर दाखविला. त्याने सांगितले, पुसल्या गेलेल्या हजेरीची पाने एक गिगाबाइटसुद्धा नसतील. सगळी जागा व्यापून बसली होती ती हिशेबाच्या डेटाबेसची एक लॉग फाइल, तीनशे गिगाबाइटची, जिचा कोणालाही उपयोग नव्हता आणि जिला कोणी हातही लावला नव्हता. अमोल होते ते लहान होते आणि गेले. निरुपयोगी होते ते अवाढव्य होते आणि राहिले. डिस्क भरल्यावर घाईने केलेली साफसफाई बहुधा अशीच होते.

आता ही डिस्क म्हणजे काय आणि ती भरते कशी, ते पाहू. १९५६ साली आयबीएम कंपनीने आपल्या रॅमॅक यंत्राबरोबर पहिली हार्ड डिस्क आणली. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या, आणि त्या सर्वांवर मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्र तेवढी जागा एकटे खाते. आता एक टेराबाइटची डिस्क, म्हणजे एक लाख कोटी अक्षरांची जागा, खिशात मावते. मग इतकी जागा असून ती भरते कशी? श्रोतेहो, घर मोठे झाले म्हणून अडगळ कमी होते काय? माळा मोठा असला की अडगळच मोठी होते.

एक शंका आधीच मिटवून टाकू. एक टेराबाइटची म्हणून विकत घेतलेली डिस्क विंडोजवर ९३१ गिगाबाइटची दिसते. अनेकांना वाटते, दुकानदाराने माप मारले. तसे नाही. विकणारा हजाराच्या पटीने मोजतो आणि यंत्र १,०२४ च्या पटीने मोजते. माल तितकाच, शेर दोन. लिनक्सच्या प्रचलित एक्स्ट-फोर रचनेत आणखी पाच टक्के जागा यंत्रचालकासाठी मुळातच राखून ठेवलेली असते. तेव्हा जागेचा हिशेब करताना खोक्यावरचा आकडा धरू नये, यंत्र दाखवील तो धरावा.

भरण्याची कारणे आम्हांला मुख्यतः पाच दिसली.

पहिले कारण नोंदवह्यांचे. सर्व्हर जे जे करतो ते ते लिहून ठेवतो. कोण आला, कोण गेला, काय बिघडले. ह्याला लॉग म्हणतात. देवडीवरच्या पहारेकऱ्याच्या वहीसारखी ती वही आहे, आणि ती आवश्यकच आहे. परंतु एखादे यंत्र बिघडले की ते एकच तक्रार सेकंदाला शंभर वेळा लिहीत सुटते. वही भरते, तक्रार मात्र कोणी वाचत नाही. उपाय सोपा आहे. ठरावीक मुदतीने जुनी वही मिटावी, दाबून लहान करावी, नवी उघडावी, आणि ठरल्यापेक्षा जुनी असेल ती नष्ट करावी. लिनक्सवर हे काम लॉगरोटेट नावाचा कार्यक्रम करतो. त्याला एकदा नियम सांगून ठेवावा लागतो, इतकेच.

दुसरे कारण डेटाबेसच्या व्यवहारवहीचे, आणि त्या कारखान्यात हेच घडले. हिशेबाचा डेटाबेस कोणताही बदल करण्यापूर्वी तो आपल्या कच्च्या खतावणीत लिहितो, म्हणजे मध्येच वीज गेली तरी हिशेब जुळवून घेता येतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'फुल रिकव्हरी' नावाची पद्धत लावली असेल, तर त्या खतावणीचा स्वतंत्र बॅकअप घेतला जाईपर्यंत तिची पाने पुन्हा वापरली जात नाहीत. पद्धत चांगली, परंतु खतावणीचा बॅकअप कोणी लावलाच नाही, तर ती फाइल महिनोन्महिने वाढतच राहते. पुष्कळ जण मग ती फाइल आकसून लहान करतात आणि हुश्श म्हणतात. चार आठवड्यांत ती पुन्हा फुगते. कोणी त्याहून पुढे जाऊन ती फाइल हातानेच पुसतो. हे मात्र कदापि करू नये, कारण त्याने सगळा डेटाबेसच उघडेनासा होतो. एकतर खतावणीचा बॅकअप नियमाने घ्यावा, नाहीतर आपल्या धंद्याला ती पद्धत लागतच नसेल तर जाणत्याला विचारून साधी पद्धत लावावी.

तिसरे कारण बॅकअपचे. वीस गिगाबाइटचे दफ्तर आहे आणि रोज रात्री त्याची संपूर्ण प्रत काढली, तर अठ्ठावीस दिवसांत ५६० गिगाबाइट झाले. त्याऐवजी आठवड्यातून एक संपूर्ण प्रत, आणि बाकीचे सहा दिवस फक्त बदललेला भाग, तो समजा रोज एक गिगाबाइट, असे केले तर तेवढ्याच अठ्ठावीस दिवसांना १०४ गिगाबाइट पुरतात. हा हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येईल, परंतु तो करावा असे कोणाला सुचत नाही.

चौथे कारण प्रतींच्या प्रतींचे आणि अवास्तव मोठ्या चित्रांचे. एका ए-चार कागदाचे, इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने स्कॅन केले, तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत असेल तर दर ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे २ कोटी ६१ लाख बाइट. तेच काळेपांढरे केले तर एका बाइटात आठ ठिपके मावतात, म्हणजे ११ लाखांच्या आतच काम होते. चोवीस पटींचा फरक! आणि ३०० च्या ऐवजी ६०० ठिपके लावले तर जागा दुप्पट नव्हे, चौपट लागते. पुढे फाइल दाबून लहान होते हे खरे, पण मुळातला फरक राहतोच. साध्या पावतीला रंगीत सहाशे ठिपक्यांचा थाट कशाला? अंगणापेक्षा ओसरी मोठी, त्यातला हा प्रकार.

येथे आमच्याच घरातली गोष्ट सांगितली पाहिजे. २०१९ साली आमच्या युनियनच्या कचेरीतली डिस्क भरली. दुसऱ्यांच्या कारखान्यात जाऊन शहाणपण सांगणारे आम्ही. आमच्या दिव्याखालचा अंधार पाहावयास बसलो, तो एका मोर्चाची तीन मिनिटांची एकच चित्रफीत सत्तावीस ठिकाणी सापडली. प्रत्येक शाखेच्या चिटणिसाने ती पाठविली होती, आणि प्रत्येकाने प्रेमाने सांभाळली होती. घोषणा एकच होती, प्रती सत्तावीस होत्या.

पाचवे कारण पुसूनही न गेलेल्या मालाचे. फाइल पुसली की ती कचऱ्याच्या टोपलीत जाते. टोपली रिकामी केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही. विंडोजवर जुन्या अवस्थांच्या छायाप्रतीही जागा धरून ठेवतात. लिनक्सवर त्याहून गमतीचा प्रकार होतो. एखादा कार्यक्रम जी फाइल उघडून बसला आहे ती पुसली, तर यादीतून नाव जाते, परंतु तो कार्यक्रम ती सोडीपर्यंत जागा जात नाही. मग 'डीयू' ही आज्ञा एक बेरीज सांगते आणि 'डीएफ' ही दुसरी. रेशनकार्डावरून नाव गेले तरी पाहुणा घरातच, असे हे आहे. अशा वेळी आणखी फाइली पुसत सुटू नये. तो कार्यक्रम रीतसर बंद करून पुन्हा चालू करावा.

शिवाय कॅमेऱ्यांचे चित्रण कोणी सर्व्हरवर वळविले असेल तर विचारूच नका. सेकंदाला वीस लाख बिट या बेताने एक कॅमेरा दिवसाला साडेएकवीस गिगाबाइटांहून अधिक भरतो. असे चार कॅमेरे एक टेराबाइटची डिस्क बाराव्या दिवशी संपवितात. त्यांना वेगळी डिस्क द्यावी आणि जुन्यावर नवे लिहिण्याची मुदत ठरवून द्यावी.

आता, डिस्क भरली तर होते काय? हिशेब थांबतो, टपाल येईनासे होते, छपाई अडते. हे सगळे दिसते, म्हणून त्याचा उपायही होतो. सर्वांत घातक ते, जे दिसत नाही. रात्रीचा बॅकअप जागेअभावी अर्ध्यावर पडतो आणि सकाळी कोणाला कळत नाही. महिनोन्महिने आपण समजत असतो की आपल्यापाशी प्रत आहे. आणि ज्या दिवशी मूळ जाते त्या दिवशी कळते की प्रत कधीच नव्हती.

उपायाची पहिली पायरी म्हणजे मोजणे. दर सोमवारी सकाळी एका साध्या वहीत तीन आकडे लिहावे: एकंदर जागा किती, भरलेली किती, गेल्या सोमवारपासून वाढली किती. समजा, डिस्क १,८६२ गिगाबाइटची आहे, भरले आहेत १,४००, आणि आठवड्याला ११ वाढतात. तर डिस्क पूर्ण भरावयास ४२ आठवडे आहेत. परंतु ८० टक्क्यांच्या रेषेपर्यंत जेमतेम आठ. ऐंशीला विचार सुरू करावा, नव्वदला काम सुरू करावे, आणि शंभराची वाट कधीही पाहू नये. एखाद्या सोमवारी अकराच्या जागी साठ आले, तर त्याच दिवशी कारण शोधावे. वही ठेवणारा मनुष्य फार शिकलेला असण्याची गरज नाही. तो नियमित असला म्हणजे झाले.

दुसरी पायरी भिंती घालण्याची. नोंदवह्यांची जागा, हिशेबाची जागा आणि लोकांच्या फाइलींची जागा वेगवेगळी करावी, म्हणजे एका खोलीत पाणी शिरले तरी सगळे घर बुडत नाही. प्रत्येक विभागाला जागेची मर्यादा बांधून द्यावी. आणि एक युक्ती जाणते लोक सांगतात, ती आम्हांला फार आवडली. चारपाच गिगाबाइटची एक निरर्थक फाइल मुद्दाम करून ठेवावी. आणीबाणीच्या वेळी दफ्तराला हात न लावता तीच पुसावी. काम चालू होते आणि शांतपणे विचार करावयास वेळ मिळतो. गृहिणी डब्याच्या तळाशी अडीअडचणीसाठी मूठभर धान्य राखते, त्यातलेच हे. त्या हिशेबनिसापाशी अशी एक फाइल असती तर पुढचा अनर्थ टळला असता.

तिसरी पायरी बॅकअप दूर नेण्याची. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या वास्तूत, असा सर्वमान्य नियम आहे. एकाच पेटीत दोन डिस्का जोडून ठेवल्या म्हणजे बॅकअप झाला, असे नव्हे. एक बिघडली तर दुसरी चालते, परंतु चुकून पुसलेले दोन्हींवरून एकदमच पुसले जाते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी पुण्यात शिरले. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीत पूर आला. ज्यांची दफ्तरे तळमजल्यावर होती, त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही. आणि वर्षातून दोनदा तरी ती प्रत प्रत्यक्ष उघडून पाहावी. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वटविलेली हुंडी.

कोणी म्हणेल, 'एवढी यातायात कशाला? डिस्क स्वस्त आहे, नवी आणून लावा.' अवश्य लावा, वाढ प्रामाणिक असेल तर लावलीच पाहिजे. परंतु गळक्या नळाखाली मोठी बादली ठेवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. डिस्क दुप्पट केली की बॅकअपची जागा दुप्पट, बॅकअपचा वेळ दुप्पट, आणि शोधण्याचे कष्ट चौपट. दूरच्या कंपनीच्या भाड्याच्या जागेत ठेवले तर दर महिन्याला भाडे वाढते, आणि अडगळीचेही भाडे भरावेच लागते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. काय ठेवावे आणि काय पुसावे? येथे यंत्राचे काम संपते आणि माणसाचे सुरू होते. कायद्याच्या काही मर्यादा आहेतच. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके आठ वर्षांची ठेवावी लागतात. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवलीच पाहिजे, म्हणजे तीही वाढ आली. सर्ट-इन या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांप्रमाणे यंत्रांच्या लॉगांची १८० दिवसांची जपणूक करावयाची. दुसऱ्या बाजूने, संसदेने २०२३ साली संमत केलेल्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याची दिशा अशी की, हेतू संपला की माणसाची खाजगी माहिती पुसावी. तेव्हा सगळेच पुसणे जसे गैर, तसे सगळेच साठविणेही आता गैर ठरते आहे.

आपल्याकडे याची परंपरा नाही असे नव्हे. सरकारी कचेरीत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडण्याची रीत आहे. 'अ' कायमचे, 'ड' लवकर नष्ट करावयाचे. पेशवे दफ्तराचे रुमाल पुण्यात सुरक्षित होते, परंतु रियासतकार सरदेसायांनी १९३० पासून त्यातून निवड करून पंचेचाळीस खंड छापविले, तेव्हा ते दफ्तर अभ्यासकांच्या हाती पडले. साठविणे हा अर्धा भाग झाला; लावून ठेवणे आणि निवडणे हा दुसरा अर्धा. प्रत्येक दुकानाने, प्रत्येक कारखान्याने एका कागदावर असे जतनपत्रक करावे: कोणता कागद, किती वर्षे, कोठे, आणि पुसण्याचा अधिकार कोणाचा.

शेवटच्या रकान्यावर आमचा विशेष जोर आहे. आमची सूचना साधी आहे. कोणतीही जुनी फाइल एकट्याने पुसू नये. दोघांच्या सह्या असाव्या. पुसण्यापूर्वी तिला एक महिना वेगळ्या फोल्डरात 'निघण्याच्या वाटेवर' ठेवावे, आणि तिची यादी फलकावर लावावी. हजेरी, पगार, फंड यांचे कागद असतील तर त्या सह्यांत एक सही कामगारांच्या प्रतिनिधीची असावी. कोणी मालक म्हणतात, 'यंत्र आमचे, डिस्क आमची, तुमचा संबंध काय?' यंत्र तुमचे आहे, हे मान्य. परंतु तीत लिहिलेली वर्षे आमची आहेत. आणि मालकांनाही आम्ही हेच सांगतो की, दफ्तर नीट असेल तर खोटा दावा तुमच्यावरही टिकत नाही. आमच्या वीस वर्षांच्या अनुभवात निम्मी भांडणे लोभातून निघाली असतील. उरलेली हरवलेल्या कागदातून निघाली.

कामगार बंधूंनाही एक शब्द. पगाराची पावती आता मोबाइलवर येते आणि आपण ती पाहून सोडून देतो. तसे करू नका. दर महिन्याची पावती उतरवून घ्या, नावावर साल-महिना घाला, आणि एक प्रत मुलाच्या किंवा सुनेच्या मोबाइलवर ठेवा. पत्र्याची ट्रंक आता घरात राहिली नसेल, पण तिचे काम संपलेले नाही.

तो हिशेबनीस अद्याप त्याच कारखान्यात आहे. चूक त्याची एकट्याची मानून त्याला काढून टाकावे, असे त्या वेळी काहींचे मत पडले होते. आम्ही विरोध केला. ज्याला नियम दिला नाही, मोजावयास वही दिली नाही, विचारावयास माणूस दिला नाही, त्याला शिक्षा कसली? मालकालाही ते पटले. आता दर सोमवारी सकाळी तो तीन आकडे वहीत लिहितो आणि मालकापुढे ठेवतो. गेल्या खेपेस आम्ही कारखान्यात गेलो, तेव्हा त्याने ती वही आम्हांला दाखविली. सात वर्षांचे सोमवार होते तीत, एकही चुकलेला नव्हता.